फोन कॉम्प्युटरला जोडला, मग अडतं कुठे?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या खणात सात केबल असतात. प्रत्येकीच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं. चौघींवर ‘डेटा’, तिघींवर ‘फक्त चार्जिंग’. या पट्ट्या लावायच्या आधी रोज एकच प्रसंग घडायचा. कुणीतरी लग्नाच्या पत्रिकेसाठी फोटो घेऊन यायचं, मी फोन जोडायचो, फोनवर चार्जिंगचं चिन्ह उमटायचं आणि कॉम्प्युटर मात्र ढिम्म. "माझा फोन बिघडला का हो भाऊ?" हा पहिला प्रश्न. "तुमच्या कॉम्प्युटरमध्येच व्हायरस असंन," हा दुसरा.

फोन धड असायचा आणि कॉम्प्युटरही धड असायचा. गेली कित्येक वर्षं लोकांचे फोन जोडून देताना मला एक गोष्ट पटली आहे. ‘सिंक होत नाही’ हे एक वाक्य आपण पाच वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरतो. तार, परवानगी, दोन यंत्रांची आपसातली बोली, फाईलचा प्रकार आणि फाईलमधल्या अक्षरांचा अर्थ, यातल्या कुठल्या पायरीवर गाडी अडली हे कळलं की निम्मं काम झालं. पडद्यावरचा संदेश ते कधी नीट सांगत नाही, म्हणून आपल्यालाच पायरी शोधावी लागते.

तारेपासून सुरुवात

यूएसबी २.० ची नेहमीची केबल घ्या. तिच्या पोटात चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात, काळी परतीची, आणि हिरवी व पांढरी ही जोडी माहिती वाहते. बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली एक स्वस्त केबल मी एकदा ब्लेडने सोलून पाहिली. रबराखाली फक्त लाल आणि काळी. हिरवी-पांढरी घातलीच नव्हती. चार्जिंगला त्यांची गरज नाही, त्यामुळे विकत घेणाऱ्याला ते कधीच कळत नाही. कळतं ते फोटो काढायची घाई असते त्या दिवशी.

टाइप-सी आल्यावर हा घोळ मिटेल असं वाटलं होतं. २०१४ साली हे नवं टोक ठरलं. कोणत्याही बाजूने घाला, जातं. युरोपियन युनियनने तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना हेच टोक सक्तीचं केलं. पण टोक सारखं झालं म्हणून आतलं सामान सारखं झालं नाही. त्याच आकाराच्या केबलमधून सेकंदाला ४८० मेगाबिटही जाऊ शकतात आणि १० गिगाबिटही. आयफोन १५ प्रो हा फोन १० गिगाबिटचा आहे, पण त्याच्या खोक्यात येणारी केबल ४८० मेगाबिटचीच. हिशेब करून पाहा. लग्नाचं ३० जीबीचं शूटिंग ४८० मेगाबिटने, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला ६० मेगाबाइटने, उतरवायला कागदावरसुद्धा आठ मिनिटांहून जास्त लागतात आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी वर जातात. वेगवान केबलवर कागदोपत्री हेच काम अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. "माझा एवढा महागाचा फोन इतका हळू काहून चालून राहिला?" असं कुणी विचारलं की मी आधी केबल बदलतो.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाची. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. आयफोनसाठी ॲपलने सांगितलेलं बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश आहे, आणि इतर फोनही उन्हात तापले की स्वतःला वाचवायला आधी चार्जिंग कमी करतात, मग काम. जाड कव्हरमधला फोन गाडीच्या डिकीतून काढून थेट केबलला लावला आणि कॉपी मध्येच तुटली, तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका. कव्हर काढा, कूलरच्या वाऱ्यापासून जरा बाजूला, कोरड्या जागी दहा मिनिटं ठेवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

खिडकीवरचा कारकून

तार ठीक असेल तर पुढची पायरी परवानगीची. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन कॉम्प्युटरला जोडला की आपणहून ‘फक्त चार्जिंग’वर राहतो. हे मुद्दाम केलेलं आहे आणि योग्यच आहे. रेल्वे स्टेशनवर किंवा हॉटेलात कुठल्याही अनोळखी यूएसबीला आपण फोन लावतो, प्रत्येक ठिकाणी त्याने आपली कपाटं उघडी करावीत का? म्हणून फोनची वरची पट्टी खाली ओढायची, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवायचं आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. त्याआधी स्क्रीनचं कुलूप उघडायचं. कुलूप तसंच असेल तर कॉम्प्युटरला फोनचं नाव दिसतं पण आत सगळं रिकामं. हे रिकामं कपाट पाहून "फोटो उडाले" म्हणून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत. आयफोन हेच काम वेगळ्या तऱ्हेने करतो. ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ असं विचारतो आणि पासकोड मागतो.

परवानगी मिळाली की दोन्ही यंत्रं बोलायला लागतात, आणि इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. त्यांना वाटतं फोन म्हणजे मोठा पेनड्राइव्ह. एकेकाळी तो होताही. जुने अँड्रॉइड फोन आपलं मेमरी कार्ड सरळ कॉम्प्युटरच्या हाती द्यायचे. दुकानदाराने आपली खातेवहीच दुसऱ्याला देऊन टाकावी तसं. वही त्याच्याकडे असेपर्यंत दुकानदाराला एक ओळही लिहिता येत नाही, म्हणूनच तेव्हा केबल लावली की फोनमधली गाणी आणि कार्डवरची ॲप्स गायब व्हायची. दोघांनी एकाच वेळी लिहिलं असतं तर पानं एकमेकांत मिसळून वहीच निकामी झाली असती. शिवाय ती वही कॉम्प्युटरला वाचता येईल अशाच पद्धतीने लिहिलेली असावी लागायची.

२०११ च्या अँड्रॉइड ३ पासून पद्धत बदलली. आता फोन वही देत नाही. तो तहसील कचेरीतल्या नकलेच्या खिडकीसारखा बसतो. कॉम्प्युटरने अर्ज करायचा, ‘अमुक फाईल द्या’, मग आतला कारकून ती शोधून आणून देणार. या बोलीला एमटीपी म्हणतात, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल. मायक्रोसॉफ्टने ती गाणी वाजवणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी तयार केली आणि पुढे फोनच्या गळ्यात पडली. हे चित्र डोक्यात बसलं की कितीतरी कोडी सुटतात.

कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये आठ हजार फोटो असतील तर वरची हिरवी रेघ मुंगीच्या पावलाने का सरकते? कारण कारकून आठ हजार नावं एकेक करून सांगतोय. दोन फोल्डर एकदम कॉपीला लावले तर अख्खं काम का लटकतं? कारण खिडकी एकच आहे. फोनमधली वर्डची फाईल कॉम्प्युटरवर उघडून बदलली तर बदल फोनमध्ये का जात नाही? कारण तुम्ही नकलेवर लिहिलंत, मूळ दस्त आतच आहे. कॉपी केलेल्या फोटोंवर आजची तारीख का? कारण बऱ्याचदा नक्कल काढल्याची तारीख लागते. फोटो काढल्याची खरी तारीख फोटोच्या पोटात वेगळी नोंदलेली असते, ती शाबूत राहते.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. फोनमधली फाईल आधी कॉम्प्युटरवर उतरवा, मग उघडा. दोनशे-तीनशे फोटोंचे गठ्ठे करून न्या. कॉपी चालू असताना फोन हाताळू नका. मॅक कॉम्प्युटरला ही बोली मुळातून येत नाही, त्याला अँड्रॉइडसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोनच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसत असेल तर कॉम्प्युटरला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, मिळालेला नाही. तिथे उजवं क्लिक करून ड्रायव्हर अपडेट करायचा आणि यादीतून ‘एमटीपी यूएसबी डिव्हाइस’ हाताने निवडायचा.

जुन्या कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. मशीन चालू राहतं, पण नव्या फोनसाठी लागणारं सॉफ्टवेअर हळूहळू त्याच्यावर बसेनासं होतं. चांगलं चालणारं मशीन टाकून द्या असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्याच्याकडून यंदाच्या फोनशी जुळवून घेण्याची अपेक्षा ठेवू नका. अशा वेळी मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरने वाचणं हाच सरळ रस्ता.

फोटो येतो, उघडत नाही

इथे तार, परवानगी, बोली सगळं ठीक असतं आणि तरी काम अडतं. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन आपले फोटो हेइक नावाच्या प्रकारात साठवतो. जेपेगच्या साधारण निम्म्या जागेत तोच फोटो बसतो, म्हणून. पण बऱ्याच विंडोज मशीनना आणि आम्ही वापरतो त्या जुन्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरना तो प्रकार ओळखू येत नाही. त्यावर उपाय म्हणून आयफोन कॉम्प्युटरला देताना फोटो वाटेतच जेपेग करून देतो, आणि नेमकं तिथेच पुष्कळदा कॉपी अर्ध्यात मरते. पडद्यावर येतं, ‘जोडलेलं उपकरण काम करत नाही’. वाचणाऱ्याला वाटतं केबल गेली. प्रत्यक्षात फोन रूपांतर करता करता मागे पडलेला असतो.

सेटिंग्जमध्ये फोटोजच्या पानावर तळाशी ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ असं लिहिलंय, तिथे ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा. मूळ फोटो जसेच्या तसे उतरतील, मग कॉम्प्युटरवर सावकाश रूपांतर करा. पुढचे फोटो मुळातच जेपेग हवे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कंपॅटिबल’. आणि फोनमध्ये दिसणारे कित्येक फोटो कॉम्प्युटरला दिसतच नसतील, तर ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू आहे का ते बघा. चालू असेल तर फोनमध्ये लहान प्रत आहे, मूळ फोटो आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या इंटरनेटवरच्या कपाटात. जे घरात नाही ते केबल कुठून आणणार?

केबलचा वैताग टाळायला लोक सरळ व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. छापायच्या फोटोसाठी कृपा करून हे करू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि त्याच्या पोटातली तारीखही काढून टाकतं. पत्रिकेवर आजोबांचा चेहरा धुरकट येतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा येतो. आणि व्हॉट्सॲपचं जुनं फोल्डर सापडत नसेल तर ते अँड्रॉइड नावाच्या फोल्डरमध्ये, मीडियाच्या आत बघा.

पेनड्राइव्हवर जागा असून ‘फाईल फार मोठी आहे’ असं येतं, त्याचंही कारण साधं आहे. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असला की त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाईल मावतच नाही, मग तो ६४ जीबीचा का असेना. आतलं सामान आधी दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आणि फाईलच्या नावात विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह किंवा अवतरणचिन्ह असेल तर विंडोज ती घेत नाही. ‘१२:३० ची बैठक’ असं नाव ठेवलेलं रेकॉर्डिंग म्हणून मागे राहतं. नाव बदला, येईल.

मराठी नावांचं काय होतं

आता ज्या पायरीबद्दल फार कमी बोललं जातं आणि आपल्याला सगळ्यात जास्त छळते ती. इथे जोडणी होते, फाईल येते, उघडतेही, आणि आतलं सगळं बिघडलेलं असतं. जोडणीच झाली नाही तर वेळ जातो. जोडणी होऊन चुकीचा अर्थ लागला तर माहिती जाते, आणि ती गेली हे कळायला महिने लागतात.

त्रिमूर्तीनगरकडच्या एक काकू मेसचे डबे देतात. त्यांच्या फोनमध्ये तीनशेच्या वर नंबर, सगळी नावं मराठीत आणि त्यांच्या पद्धतीची. ‘होस्टेल तिखट कमी’, ‘दोन पोळ्या जास्तवाला पोरगा’. फोनचा पडदा हिरवा पडायला लागला म्हणून मुलाने नवा घेऊन दिला, आणि नंबर नव्या फोनात टाकून द्या म्हणून त्या माझ्याकडे आल्या. नंबर फोनच्याच मेमरीत होते, गुगलच्या खात्यात नव्हते. मी ते बाहेर काढले, सीएसव्ही यादी केली, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल, दुबार नावं गाळायला ती एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली. चूक माझी होती आणि दुहेरी होती.

पहिलं म्हणजे नावं. कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो, आणि कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचा करार असावा लागतो. आज सगळीकडे चालणारा करार म्हणजे युनिकोड, आणि तो लिहायची प्रचलित पद्धत यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन छोटी घरं, लागतात. ‘सुनंदा’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते स, उकार, न, अनुस्वार, द, काना अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. आता एक्सेलने ही फाईल उघडताना समजूत करून घेतली की ही जुन्या इंग्रजी पद्धतीची फाईल, एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग सहा चिन्हांच्या जागी अठरा चित्रविचित्र खुणा उमटतात. ओळखायची खूण सांगतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून त्या कचऱ्यात दर दोन खुणांनंतर, डोक्यावर तिरपी रेघ असलेलं तेच एक इंग्रजी ‘ए’ पुन्हा पुन्हा येतं. असं दिसलं तर घाबरू नका. फाईल अजून शाबूत आहे, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलाय. सेव्ह न करता बंद करा. मी सेव्ह केलं होतं.

दुसरं म्हणजे नंबर. ९१ लावून लिहिलेला बारा आकडी मोबाइल नंबर एक्सेलला नंबर वाटत नाही, रक्कम वाटते. पुढचं अधिकचं चिन्ह तो खातो आणि मोठी रक्कम आटोपशीर दाखवायला ‘९.१९ गुणिले दहाचा अकरावा घात’ अशा रूपात लिहितो. सीएसव्ही सेव्ह करताना पडद्यावर जे दिसतं तेच फाईलमध्ये उतरतं. पुन्हा उघडली की शेवटचे आकडे शून्य. ते कुठूनही परत येत नाहीत.

काकूंचा जुना फोन मी रीसेट केला नव्हता, एवढ्यावर आम्ही वाचलो. पुन्हा यादी काढली. या वेळी एक्सेलमध्ये फाईलवर डबल-क्लिक न करता ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घेतलं, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडलं आणि कॉलमचे प्रकार ओळखू नकोस असं सांगितलं. नावं नावांसारखी, नंबर नंबरांसारखे आले.

संपर्क नेण्याचा दुसरा मार्ग व्हीसीएफ फाईलचा. त्याच्याही आवृत्त्या आहेत. २.१ ही जुनी, अजून पुष्कळ फोन तीच काढतात. ३.० आणि ४.० नंतरच्या. २.१ मध्ये मराठी नाव सरळ लिहीत नाहीत, प्रत्येक बाइट ‘बरोबर’च्या चिन्हामागे दोन अक्षरांत लिहितात. म्हणजे ‘सुनंदा’चे १८ बाइट लिहायला ५४ खुणा. पुढे आडनाव लावलं की ओळ ७६ खुणांच्या मर्यादेपलीकडे जाते आणि तोडून खाली आणावी लागते. ही तोडलेली ओळ जोडून वाचायची हे ज्या सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं ते नाव अर्ध्यात कापतं. इंग्रजी नावांवर तपासून पाहणाऱ्याला हा दोष कधी सापडणारच नाही, कारण ‘अमित’ इंग्रजीत चार खुणांत संपतो. आपली नावं लांब आहेत म्हणून हे होत नाही. आपली लिपी डोळ्यांपुढे ठेवून तपासणी झाली नाही म्हणून होतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट तर खास मराठीची. कुऱ्हाडे, बोऱ्हाडे, ताऱ्यातला ‘ऱ्या’. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी आडनावं. फोनच्या कीबोर्डवरून लिहिलेले कुऱ्हाडे आणि कॉम्प्युटरवर टाइप केलेले कुऱ्हाडे सिंक झाल्यावर दोनदा दिसतात, आणि एकाला शोधलं तर दुसरे सापडत नाहीत.

जुन्या फॉन्टचं दुखणंही याच घरातलं. कृतीदेव किंवा तशा फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर कॉम्प्युटरवर देखणा दिसतो आणि फोनवर इंग्रजी अक्षरांचा खच होतो. कारण त्या फाईलमध्ये मराठी नव्हतंच कधी. इंग्रजी अक्षरं होती आणि फॉन्टने त्यांना मराठी कपडे घातले होते. फोनकडे ते कपडे नाहीत. फोनवर तो फॉन्ट टाकायच्या खटपटीत पडू नका, मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि एकदा वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात.

मेळ बसवणं आणि प्रत काढणं

मघापासून मी कॉपी आणि सिंक हे शब्द जवळजवळ वापरतोय, पण ही दोन कामं वेगळी आहेत. कॉपी म्हणजे प्रत काढली, विषय संपला. सिंक म्हणजे दोन वह्यांचा ताळमेळ. फोनची एक वही, कॉम्प्युटरची एक. समजा एका वहीत एक नाव आहे आणि दुसरीत नाही. ते पहिलीत नव्याने लिहिलं गेलं, की दुसरीतून मुद्दाम खोडलं? नुसत्या दोन वह्या बघून हे सांगताच येत नाही. गेल्या वेळी मेळ लावला तेव्हा दोन्हीकडे काय होतं याची तिसरी नोंद लागते. सिंक करणारं सॉफ्टवेअर अशी नोंद गुपचूप ठेवत असतं.

फोन रीसेट केला, बदलला किंवा सॉफ्टवेअर नव्याने टाकलं की ही तिसरी नोंद पुसली जाते. मग सॉफ्टवेअर बिचारं सावधपणे दोन्हीकडचं सगळं ठेवतं. नवीन फोन घेतल्यावर प्रत्येक नाव दोनदा का दिसतं, त्याचं मूळ इथे आहे. नोंद शाबूत असेल तर उलटा धोका. फोनमधून जागा करायला फोटो खोडलेत आणि दोन्हीकडचा मेळ चालू असेल, तर ते कॉम्प्युटरवरूनही जातील. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं. म्हणून सिंकला मी बॅकअप समजत नाही. बॅकअप म्हणजे जिथे खोडलेलं पोहोचत नाही अशी जागा, माझ्याकडे ती एक बाहेरची हार्ड डिस्क आहे आणि ती काम झालं की काढून कपाटात जाते.

दोन्हीकडे एकच नोंद बदलली असेल तर बहुतेक वेळा उशिराची जिंकते. उशिराची कोणती हे घड्याळ ठरवतं, म्हणून घड्याळ बरोबर हवं, आणि नुसते काटे बरोबर असून भागत नाही. विंडोज नव्याने टाकलं की पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळपट्टी तशीच राहते आणि कुणीतरी फक्त वेळ हाताने जुळवून देतं. कोपऱ्यातलं घड्याळ नागपूरची वेळ दाखवतं, पण कॉम्प्युटर मनाने अमेरिकेत असतो. फोनमध्ये सकाळी दहाची लिहिलेली भेट हिवाळ्यात त्या कॉम्प्युटरवर आदल्या रात्री साडेआठला दिसते. वेळ पुढे-मागे करत बसण्यापेक्षा वेळपट्टी चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली, म्हणजे अधिक साडेपाच, अशी निवडा.

केबलशिवाय, वाय-फायवरून जोडण्याची सोय आता चांगली झाली आहे. विंडोजवर फोन लिंक आहे, क्विक शेअर आहे. ते जमत नसेल तर आधी एवढंच बघा, फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर आहेत का. फोन मोबाइल डेटावर किंवा राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर असेल तर दोघं शेजारी असूनही बऱ्याचदा एकमेकांना दिसत नाहीत.

काकूंच्या वेळेपासून मी एक सवय लावून घेतली. कुणाचेही संपर्क हलवायच्या आधी जुन्या फोनमध्ये एक खोटी नोंद करतो. नाव मुद्दाम लांबलचक आणि अवघड, त्यात ज्ञ, श्र, त्र आणि ऱ्हा आलाच पाहिजे, नंबर ९१ लावून. मग ती एकच नोंद जुन्या फोनमधून कॉम्प्युटरवर आणि तिथून नव्या फोनात नेतो. ती धड पोहोचली, आणि कॉम्प्युटरवरून ऱ्हा टाइप करून शोधली तरी सापडली, तर बाकीच्यांना हात लावतो.

काकू त्या दिवशी बाकड्यावर बसून नवा फोन हातात घेऊन यादी खालपासून वरपर्यंत वाचत होत्या. मी चहा मागवला. "तिखट कमी आहे, पोळ्यावाला आहे," असं पुटपुटत त्या एका नावाशी थांबल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. "हे कुऱ्हाडे दोनदा काहून येऊन राहिले न भाऊ? माझ्याकडे तर एकच कुऱ्हाडे आहेत." मी एक खोडलं, त्यांनी तिथूनच कुऱ्हाड्यांना फोन लावला. पलीकडून हॅलो आल्यावर त्यांनी संध्याकाळी भाजी कोणती पाठवू असं विचारलं, आणि मग जुना फोन पिशवीत घालून म्हणाल्या, महिनाभर हा मी पुसू देणार नाही.